घरातून बाहेर जाणारं काहीतरी

तिचं नाव तिच्या वडिलांनी ठेवलं ते बोटांनी. डाव्या तळहातावर उजव्या हाताची दोन बोटं भराभर नाचवायची, झालं तिचं नाव. वडील जन्माचे बहिरे, आईही तशीच, त्यामुळे त्या घरात सगळं बोलणं हातांनी चालायचं. मूल पाळण्यात क्षणभर स्वस्थ पडेना, पाय झाडी, मुठी उघडी, मिटी. वडिलांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी नाव ठेवून मोकळे झाले. त्या खुणेला शब्द द्यायचा तर चुळबुळी. कागदोपत्री तिला दुसरं चांगलं नाव आहे, बँकेत तेच चालतं. पण तिला खरं ओळखणारी माणसं अजून तळहातावर बोटं नाचवतात, आणि ती पन्नाशीला टेकलेली बाई लगेच वळून बघते.

स्वभावही नावाला जागला. चहा उभ्याने प्यायचा, बोलताना पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरायची, झोपेतसुद्धा हात हलवायचे. "रात्री तू कुणाशी तरी भांडत होतीस," असं तिचा नवरा सकाळी सांगे. तो शहर बससेवेत ड्रायव्हर होता. "भांडत नव्हते, समजावत होते," ती म्हणे. "मग समोरचा फारच अडाणी असणार. माझ्या नाकावर दोनदा बसली."

तिचं काम दुभाष्याचं. दुकानदार आणि वडील, घरमालक आणि वडील, शाळेतल्या बाई आणि वडील यांच्यामध्ये ती बोलायला लागल्यापासून उभी होती. "ही वर्गात एक मिनिट गप्प बसत नाही," असं बाईंनी एकदा कळकळीने सांगितलं, तेव्हा तिने हातांनी वडिलांना सांगितलं, "बाई म्हणतात, हिला सगळं येतं." वडिलांनी बाईंचा चेहरा बघितला, मुलीचा बघितला, आणि घरी आल्यावर तिला लिमलेटची गोळी दिली ती अर्धी मोडून. खोटं अर्धंच पचलं, हे तिला कळलं. त्यानंतर कामात तिने कधी शब्द इकडचा तिकडे केला नाही.

आता हे काम ती घरातूनच करी. मागची छोटी खोली, भिंतीवर साधं निळं कापड, समोर दिवा, टेबलावर कॉम्प्युटर. शहरातल्या दवाखान्यांत चाकांच्या उभ्या दांडीवर एक पडदा असतो. बहिरा पेशंट आला की नर्स तो पडदा ढकलत आणते आणि दुभाषा केंद्रातून चुळबुळीला जोडून देतात. डॉक्टर बोलतात, ती हातांनी सांगते. पेशंट हातांनी सांगतो, ती बोलते. खोलीचं दार तेव्हा बंद. दुसऱ्याचं दुखणं घरच्यांनाही दिसता कामा नये, हा केंद्राचा नियम होता आणि तिचाही.

गेल्या महिन्यापासून चित्र गोठायला लागलं होतं.

आवाज अडखळला तर माणूस अर्ध्या शब्दावरून पुढचा ताडतो. हात गोठला तर ताडायला काही उरत नाही. हवेत एक मूठ राहते, कपाळाजवळ दोन बोटं राहतात, आणि समोरचा माणूस त्यातून हवा तो अर्थ काढतो. सोमवारी तेच झालं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना डॉक्टर सांगत होते की पांढरी गोळी आता बंद करायची. चुळबुळीने गोळी दाखवली, रंग दाखवला आणि तिथेच तिचं चित्र थिजलं. म्हाताऱ्याने मान डोलावली, डॉक्टर पुढच्या गोष्टीकडे वळले. चित्र सुटलं तेव्हा तिने सगळ्यांना हात दाखवून थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हातारा दचकला. तो ती गोळी जन्मभर घ्यायच्या तयारीत होता.

तासाभरात केंद्रातल्या मॅडमचा फोन आला. मॅडम वाईट नव्हत्या, पण गोड बोलून घाव घालायची त्यांना सवय होती.

"तुमचा हात फार सुंदर आहे हो. पण तो पोचायला नको का?"

"मी आजच माणूस बोलावते, मॅडम."

"बोलवा ना. नाहीतर मी तुम्हाला ऑफिसच्या कामावर टाकते. बँक, विमा, असलं. तिथे जरा अडकलं तरी कुणी मरत नाही."

"आणि गुरुवारची शिवणवाली?"

"तेच म्हणतेय. गुरुवारी अडकलं तर मध्येच दुसरी माणसं जोडावी लागतील. मग ती कायमची त्यांच्याकडे."

शिवणवाली ही एक बहिरी बाई, आयुष्यभर कपडे शिवून पोट भरलेली. तिच्या एका डोळ्याचा पडदा सुटत चालला होता, दुसराही फारसा धड नव्हता. कान नसलेल्या माणसाचे डोळे जातात म्हणजे त्याची भाषाच जाते. ऑपरेशन करायचं की नाही ते गुरुवारी दुपारी ठरायचं होतं, आणि उशीर केला तर करण्यासारखं काही राहणार नव्हतं. बाई घाबरून दोनदा दवाखान्यातून निघून गेली होती. तिसऱ्यांदा येईन म्हणाली ती एकाच अटीवर, तळहातावर बोटं नाचवून. हीच हवी, दुसरी कुणी नको. तिला आधीच धूसर दिसायचं. चुळबुळीचं चित्र तिच्यापर्यंत लख्ख पोचायला हवं होतं, नुसतं पोचून भागणार नव्हतं.

त्या दिवसापासून चुळबुळीचा पाय एका जागी ठरेना.

पहिला संशय नवऱ्यावर. त्याच्या फोनवरचे सिनेमे बंद झाले. "अगं, मी स्टिअरिंगवर असतो तेव्हाही तुझं चित्र अडकतं, मग मी कसा चोर?" तो म्हणाला, पण ऐकून घ्यायला ती खोलीत होती कुठे? ती दुसऱ्या खोलीत मायक्रोवेव्हची वायर उपटत होती. त्याच्या लहरी वायफायमध्ये ढवळाढवळ करतात असं तिने वाचलं होतं. दूध गॅसवर तापायला लागलं. चित्र तसंच.

मंगळवारी नेटवाला आला. गोल चेहऱ्याचा, बोलका, प्रत्येक घरात दोष भिंतीवर ढकलायची सवय असलेला. "भिंती जाड आहेत हो ताई," तो दारातूनच म्हणाला. मग इकडे तिकडे बघून म्हणाला, "राउटर कुठाय?"

राउटर चपलांच्या फळीवर होता, पण दिसत नव्हता. तिथे एक सुरेख लाकडी पेटी होती. कोपरे काटकोनात जुळवलेले, झाकणाला पितळी बिजागरी.

ही अण्णांची करामत. अण्णा म्हणजे चुळबुळीचे वडील, आई गेल्यापासून तिच्याकडेच राहणारे. त्यांनी नोकरीभर एका फर्निचरच्या कारखान्यात टेबलं बनवली होती. बहिऱ्यांच्या घरात घंटा वाजत नाही, दिवा लुकलुकतो. दारावर कुणी आलं की दिवा, फोन आला की दिवा, गजर झाला की दिवा. राउटर घरात आला आणि त्याचे हिरवे ठिपके दिवसरात्र मिचमिचायला लागले. अण्णा बिचारे दर वेळी उठून दार उघडायला जात. शेवटी वैतागून त्यांनी त्याला पेटीत घातलं, आणि यंत्र तापून लाकूड करपू नये म्हणून आतून पत्रा मारला.

नेटवाल्याने पेटी उघडली आणि डोक्याला हात लावला. "ताई, पत्र्याच्या पेटीत वायफाय? म्हणजे माणसाच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि वर म्हणायचं, हं, बोल की!"

"पण काम किती सफाईदार आहे बघा ना," तिचा नवरा मागून म्हणाला.

राउटर बाहेर आला. त्याच्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लागली. अण्णांनी रिकामी पेटी उचलून नेली आणि तिच्यात खिळे भरून ठेवले. राग आला होता, पण त्यांनी तो पेटीवर काढला नाही. नेटवाल्याने राउटरपासून चुळबुळीच्या टेबलापर्यंत वायरही ओढून दिली. "हवेवर विसंबू नका. वायर ती वायर."

मग त्याने कॉम्प्युटरवर एक पान उघडून वेग मोजला. घरात येणारा वेग भरपूर. बाहेर जाणारा अगदी काटकुळा.

"हे असंच असतं?" तिने विचारलं.

"तुमच्या इमारतीतली तार जुनी. तिच्यात येणारा रस्ता रुंद, जाणारा अरुंद. लोक घरी बसून बघतात जास्त, दाखवतात कमी. तुम्ही सगळा दिवस दाखवता. नवीन तार पलीकडच्या चौकापर्यंत आलीये, खोदकाम चालू आहे."

"आमच्यापर्यंत कधी?"

"चालू आहे," तो पुन्हा म्हणाला, आणि त्यावरून काय ते तिला कळलं. मोबाइलच्या नेटवर भागवावं तर तळमजल्यावरच्या त्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं की मिळे.

निघताना नेटवाला पुन्हा एकदा पडद्याकडे बघत राहिला. "एक सांगू? अरुंद म्हटलं तरी हा जरा जास्तच अरुंद दिसतोय. तुमच्या घरातून काहीतरी सारखं बाहेर जातंय."

"काय जातंय?"

"ते मला इथून नाही कळणार. पण जातंय."

हे सांगून तो गेला आणि तिची झोप घेऊन गेला. घरातून सारखं काहीतरी बाहेर जातंय, या वाक्याने ती पछाडली. कोण नेतंय? तिला आठवलं की वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं तेही गेल्याच महिन्यात. नवरा-बायको दोघंही घरातूनच काम करणारे. झालं, धागा जुळला. बुधवारी सकाळी ती तडक वर गेली. दार उघडणारी बाई केसांना टॉवेल गुंडाळून होती.

"माफ करा हं, पण आमचा पासवर्ड तुम्हाला कुणी दिलाय का?"

"कसला पासवर्ड?"

"नेटचा. कुणीतरी आमचं नेट वापरतंय."

त्या बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "काकू, तुमचं नेट धड चालत नाही हे तुमच्या तोंडावरच दिसतंय. चोरायचंच तर मी समोरच्या डॉक्टरांचं नाही का चोरणार?"

चुळबुळी लाल होऊन खाली आली. तरी संशयाने पाठ सोडली नाही. तिने खोलीत शिरताच पासवर्ड बदलून टाकला.

आणि काय आश्चर्य, त्या सकाळी चित्र काचेसारखं स्वच्छ गेलं. एका गरोदर मुलीची तपासणी झाली, एका सुताराच्या बोटाला टाके पडले, कुठे हात थिजला नाही. वरच्या बाईंना ओशाळायला लावायचं की आपण मोठ्या मनाने विसरून जायचं, याचा ती विचार करायला लागली. जेवणानंतर पाठदुखीचा पेशंट आला. त्याचं कंबरेपर्यंत बोलून झालं आणि तिचा हात पुन्हा हवेत अडकला.

चित्र सुटल्यावर त्या पेशंटने तिला खुणेने विचारलं, "बाई, माझं दुखणं तुम्हाला लागलं का?"

काम संपवून ती ताडकन बाहेर आली. नवरा पहिली पाळी आटोपून नुकताच घरी आला होता आणि पाय पसरून बसला होता.

"नवा पासवर्ड कुणाला दिलास?"

"कुणाला देणार? तू सकाळी मला फोनवर पाठवलास तो माझ्याकडे. आणि अण्णांना घालून दिला. आल्या आल्या फोन घेऊन माझ्या मागे लागले होते, चालत नाही म्हणून. चेहरा असा केला होता की वाटलं कुणी गेलंबिलं."

ती तशीच अण्णांच्या खोलीकडे गेली.

अण्णा खिडकीशी बसून एका स्टुलाचा पाय घासत होते. समोर टेबलावर फोन उभा करून ठेवलेला. फोनच्या पडद्यावर एक खोली दिसत होती, एक पलंग, आणि पलंगावर तोंड उघडं टाकून झोपलेला एक म्हातारा. ती मिनिटभर बघत राहिली. म्हातारा घोरत असावा, पोट वरखाली होत होतं. अण्णांनी कानस खाली ठेवली, पडद्याकडे एक नजर टाकली आणि पुन्हा कानस उचलली.

तो मिशी. अण्णांचा कारखान्यातला जोडीदार. एके काळी ओठांवर झुपकेदार मिशी होती म्हणून सगळे बहिरे त्याला ओठावर पीळ देऊन ओळखत. मिशी कधीच गेली, नाव राहिलं. सगळी नोकरी हे दोघे एकाच लांब टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून काम करत आले. यंत्रांच्या ज्या गोंगाटात इतरांना एकमेकांचं ओरडणं कळेना, त्यात हे दोघे निवांत गप्पा मारत. आणि गप्पा नसल्या तरी मान वर केली की समोर तो असे.

चुळबुळीने अण्णांच्या खांद्याला हात लावला. ते वळले.

"हे कधीपासून चालू आहे?" तिने हातांनी विचारलं.

"काय?"

"हा फोन. दिवसभर फोन करता तुम्ही याला?"

"फोन नाही करत," अण्णा म्हणाले. "नुसता उघडा आहे."

"उघडा म्हणजे?"

"उघडा म्हणजे उघडा. दार उघडं असतं तसा."

हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या महिन्यात मिशी न्हाणीघरात पाय घसरून पडला. दिवसभर घरी एकटाच असायचा, मुलगा कामावरून संध्याकाळी यायचा. सकाळपासून तो ओल्या फरशीवर पडून होता. हाक मारायची सोय नाही, आणि मारली असती तरी ती कुणापर्यंत पोचली की नाही हे त्याला कळायचं नाही. हाड मोडलं नाही हे नशीब. त्यानंतर दोघा म्हाताऱ्यांनी आपसात ठरवलं. मुलगा कामावर गेला की फोन उघडायचा, तो परत आला की मिटायचा. न्हाणीघरात जाताना मिशी सांगून जाई, आणि अण्णा कानस हातात धरून तो परत येईपर्यंत पडद्याकडे बघत बसत.

चुळबुळी दिवसभर बंद दाराआड, संध्याकाळी ती मोकळी होई तेव्हा फोन मिटलेला. घरात आवाज होता कुठे, कुणाला कळायला? ऐकणाऱ्यांच्या घरात कुणी दिवसभर फोनवर असता तर सगळ्या इमारतीला ठाऊक झालं असतं.

"मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"अण्णा, तुमचं चित्र त्याच अरुंद रस्त्याने बाहेर जातं, ज्याने माझं जातं. तुम्ही दोघे गप्प बसलात तरी जातं. तुमची खोली, स्टूल, कानस, सगळं सारखं जात असतं. म्हणून माझे हात अडकतात."

अण्णांनी फोनकडे बघितलं, जणू त्याने त्यांची चहाडी केली होती. मग म्हणाले, "उद्या त्या डोळ्यांच्या बाईचं आहे ना?"

शिवणवालीला ते ओळखत. शहरातले बहिरे सगळे एकमेकांना ओळखतात. चुळबुळी कामातलं कधी सांगत नसे, पण शिवणवालीने स्वतःच अर्ध्या शहराला सांगितलं होतं.

"हो. उद्या तेवढा वेळ बंद ठेवाल?"

अण्णांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. "त्याची चक्कर अजून गेली नाही. उद्या पडला तर?"

तिने नेटवाल्याला फोन लावला. चित्राचा दर्जा कमी करा, तो म्हणाला. तेही अण्णांनी तिथल्या तिथे करून पाहिलं. बोटांचं गाठोडं दिसतं, म्हणाले, मिशी पाणी मागतोय की शिव्या देतोय तेच कळत नाही. "मग आजोबांचा फक्त कॅमेरा बंद ठेवा ना," नेटवाला म्हणाला. "समोरच्याचं चित्र येतं ते रुंद रस्त्याने. ते दिसत राहील. आजोबांचं जाणार नाही, एवढंच."

किती सोपं! तिला स्वतःचाच राग आला. तिने अण्णांना सांगितलं. अण्णांचा चेहरा पडला.

"म्हणजे मी त्याला बघणार, आणि त्याने काळा पडदा बघायचा?"

"थोडाच वेळ."

"पाठ करून बसल्यासारखं. चोरून बघितल्यासारखं. नाही."

हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. हातांनी बोलणाऱ्यांत यापेक्षा मोठा अपमान नाही. लहानपणी ती वडिलांवर रागावली की डोळे मिटून घेई, म्हणजे त्यांना पुढे बोलताच येत नसे. वडील तेव्हा कधी चिडत नसत. नुसते खांद्यावर हात ठेवून बसत, ती डोळे उघडेपर्यंत. त्यांनाच आता मिशीपुढे डोळे मिटायला सांगायचं!

पण दुसऱ्या बाजूला शिवणवालीचे डोळे होते, तेही कायमचे मिटायला निघालेले.

"मी घरात असते ना," ती म्हणाली. "तुम्हाला काही लागलं तर..."

"तू दार लावून बसतेस," अण्णा म्हणाले.

त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. हवामान सांगावं तसं सांगितलं. पण ती चपापली. दिवसभर तिचे हात परक्यांशी बोलत, आणि संध्याकाळी इतके भरून येत की घरी ती वडिलांशी एका हाताने बोलायची, तेही अर्धं. जेवलात? हो. औषध? घेतलं. मग ती बोटं शेकत बसायची. अण्णांना समोर कुणीतरी हवं होतं ते फक्त मिशी पडू नये म्हणूनच का, हे तिने त्यांना विचारलं नाही. त्या रात्री नवऱ्याच्या नाकावर पुन्हा एक बसली.

गुरुवारी सकाळी फोन उघडला तेव्हा ती स्वतः पुढे होऊन बसली. मिशीने तिला बघताच तळहातावर बोटं नाचवली.

"बाप कुठाय? मेला?"

"मेला नाही, रुसलाय," ती म्हणाली, आणि तिने त्याला सगळं सांगितलं. अरुंद रस्ता, शिवणवाली, काळा पडदा.

मिशीने तिला पूर्ण बोलू दिलं. मग तो म्हणाला, "तुझा बाप काय एवढा देखणा आहे, की मला दिवसभर त्याचं तोंड बघायला हवं?"

अण्णा मागे उभे राहून बघत होते. ते पुढे सरकले. "मी तुला बघणार आणि तू मला नाही, हे तुला चालेल?"

"चालेल? अरे, पळेल! सगळी नोकरी तू बोललास आणि मी बघितलं. टेबलापलीकडून पळायची सोय नव्हती. आज मी बोलणार, आणि तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. कारखान्यातलं सगळं बाहेर काढतो बघ."

"काय काढणार आहेस तू?"

"ते तू बघशीलच. उत्तर देता येणार नाही, बस जळत."

अण्णांना मिशा नव्हत्या, पण असत्या तर थरथरल्या असत्या. "तू न्हाणीघरात जाताना सांगून जायचं," ते शेवटी म्हणाले.

"काळ्या पडद्याला सांगून जाईन. झालं?"

नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती. "मी बसतो अण्णांजवळ," तो म्हणाला. "तिकडे काही झालं तर मी मिशीच्या पोराला फोन करतो. कळण्याचं म्हणाल तर मला दोघांचंही काही कळत नाही, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही."

दुपारी ती निळ्या कापडापुढे बसली. वेग मोजायचं पान उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. अण्णा विसरून कॅमेरा चालू करतील का? हाताच्या सवयीने? जाऊन एकदा बघून यावं का? ती अर्धी उठली आणि तेवढ्यात पडदा जुळला.

शिवणवाली खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठून जायच्या बेतात असल्यासारखी. तिने पडद्याला नाक लावायचंच बाकी ठेवलं. "दिसतेस," ती म्हणाली. "आज लख्ख दिसतेस."

डॉक्टरीणबाईंनी सांगायला सुरुवात केली. डोळ्याच्या आतला पडदा भिंतीवरच्या कागदासारखा सुटतो आहे, तो परत चिकटवायचा. नंतर काही दिवस मान खाली घालून पडून राहायचं. चुळबुळी एकेक हालचाल सावकाश, मोठी करत होती. आयुष्यात कधी नव्हे ती ती सावकाश होती. मध्येच तिच्या चित्राच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं, चौकडीसारखं. ते गेलं. हात चालत राहिले.

"मोतीबिंदूच्या वेळी मला झोपवलं होतं," शिवणवाली मध्येच म्हणाली. "या वेळी जागी ठेवणार?"

"जागीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त डोळा बधिर करायचा. तुमचं हृदय नाजूक आहे."

"आणि तोंडावर कापड?"

"हो. दुसरा डोळाही झाकलेला असेल."

शिवणवालीचे हात मांडीवर पडले. बराच वेळ ते हललेच नाहीत, आणि चुळबुळीला भीती वाटली की चित्र थिजलं. पण थिजलं नव्हतं. शिवणवालीच्या पापण्या लवत होत्या.

"मग मला कोण सांगणार?" हात अखेर उठले. "तुम्ही कापताय की संपलंय, मी हलू की नको, मी मेलेय की जिवंत आहे, हे अंधारात मला कोण सांगणार? म्हणून मी दोनदा पळाले. कुणी विचारलंच नाही का पळाले."

चुळबुळीने ते मोठ्याने सांगितलं, तिच्या स्वतःच्या आवाजात, जसंच्या तसं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"एक नर्स सगळा वेळ तुमचा हात धरून बसेल," त्या म्हणाल्या. "काय खुणा करायच्या ते तुम्ही ठरवा."

मग त्यांनी ठरवलं. तळहातावर लांब रेघ ओढली तर हलू नकोस. अंगठा दाबला तर ठीक चाललंय. तळहात पूर्ण चोळला तर संपलं. शिवणवालीने नर्सला बोलावून घेतलं, डोळे घट्ट मिटले, आणि हात पुढे केला. "कर," ती म्हणाली. नर्सने अंगठा दाबला. डोळे मिटलेल्या शिवणवालीने दुसऱ्या हाताने पडद्याकडे सांगितलं, "ठीक चाललंय म्हणते." नर्सने चुकून रेघ वाकडी ओढली तर ती म्हणाली, "हिला नीट कापड बेतायला शिकवा आधी." डॉक्टरीणबाई हसल्या. चुळबुळीने त्यांचं हसणंही हातांनी सांगितलं.

शिवणवालीने डोळे उघडले. "करा," ती म्हणाली.

पडदा काळा झाल्यावरही चुळबुळी तशीच बसून राहिली. मनगटं ठणकत होती. केंद्राकडून मॅडमचा निरोप आला, दोनच शब्दांचा, "छान पोचलं." तिने तो वाचला आणि पहिल्यांदा लक्षात आलं की तासभर तिने पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरलेली नाही. लगेच टोकरायला सुरुवात केली.

मग ती उठली आणि दार उघडलं.

अण्णांच्या खोलीत तिचा नवरा पलंगाच्या कडेवर बसला होता, आणि अण्णा फोनसमोर उभे होते. पडद्यावर मिशी पलंगावर मांडी ठोकून बसला होता, लाल झालेला, आणि त्याचे हात पिसाटासारखे चालले होते. त्याच्या समोर काळा पडदा. इकडे अण्णा त्या काळ्या पडद्याआडून त्याला कडाडून उत्तरं देत होते. खोटं! साफ खोटं! तो डिंक तुझा होता! त्यांचे हात मिशीला दिसत नव्हते, आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती.

"गेला तासभर हे असंच चाललंय," नवरा म्हणाला. "मध्ये एकदा तो न्हाणीघरात गेला तर हे श्वास रोखून उभे. तो आला तसे पुन्हा भांडायला लागले. तुझं काय झालं?"

"करणार म्हणाली."

"बास!" तो म्हणाला आणि त्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

अण्णांनी मुलीला बघितलं. "झालं?"

"झालं. लावा आता कॅमेरा."

अण्णांचा हात फोनकडे गेला आणि थांबला. "थांब. त्याचं संपू दे. आत्ता मध्येच उघडला तर म्हणेल, सहन झालं नाही."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. मिशी आता कसलीतरी मोठी लांबी दोन्ही हातांनी दाखवत होता. चुळबुळीने कोपऱ्यातलं अर्धं घासलेलं स्टूल ओढलं आणि अण्णांच्या शेजारी बसली. ते जरा डुगडुगलं.

"काय म्हणतोय तो?" नवऱ्याने विचारलं. "मलाही सांग की. तासभर नुसतं बघतोय मी."

तिने मांडीवर मनगटं ठेवली आणि बोलायला लागली. "म्हणतोय, एकदा मालकाच्या ओळखीच्या एका साहेबांचं टेबल होतं, एवढं लांब. अण्णांनी त्याला फळी चिकटवली आणि शिकंजा आवळून जेवायला उठायला गेले, तर उठताच येईना."

"का?"

"शर्टाची बाही पण चिकटवली होती."

अण्णांनी खुणेने तिला विचारलं, "काय सांगतेस त्याला?"

"तो म्हणतोय तेच."

"खोटं आहे म्हणून सांग!"

"अण्णा म्हणतात खोटं आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग पुढे काय झालं?"

"थांब जरा. मिशी हसतोय."